रिलीजचे टॅग आणि ब्रँच: या कामाला गिट कितपत उतरते?

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट म्हणजे काय, हे आज कोणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. या परीक्षणात त्याचा एकच उपयोग तपासला आहे. ग्राहकाच्या हाती गेलेली प्रत्येक आवृत्ती नेमक्या कोणत्या कोडमधून तयार झाली हे दोन वर्षांनंतरही ठामपणे सांगता यावे आणि त्या जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करण्याची वाट खुली राहावी, यासाठी गिटचे टॅग (कोडच्या एका टप्प्याला दिलेली नावाची खूण) आणि ब्रँच (बदलांची स्वतंत्र वाट) कितपत पुरे पडतात, एवढाच प्रश्न आहे. गिट फुकट मिळते, त्यामुळे इथे हिशेब पैशांचा नसून टीमच्या वेळेचा आहे. मत आधीच सांगून टाकतो: ब्रँचच्या बाबतीत गिटवर बोट ठेवायला फारशी जागा नाही, टॅगची यंत्रणाही मुळात उत्तम आहे, पण तिची डीफॉल्ट वागणूक रिलीज सांभाळणाऱ्या माणसाच्या नव्हे, तर घाईत खूण करून ठेवणाऱ्या डेव्हलपरच्या सोयीची आहे.

ब्रँच म्हणजे मुळात एका कमिटचा (नोंदवून ठेवलेल्या बदलाचा) ४० अक्षरी हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, लिहून ठेवलेली छोटीशी फाइल. म्हणून प्रकल्प कितीही मोठा असला तरी नवी ब्रँच काढायला क्षणही लागत नाही, आणि या हलकेपणाचा खरा फायदा हॉटफिक्सच्या, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीच्या, वेळी कळतो. समजा, ग्राहकाकडे २.४.० ही आवृत्ती चालू आहे, मुख्य ब्रँच तीन महिने पुढे गेलेली आहे आणि बिलाच्या बेरजेत चूक सापडली आहे. अशा वेळी ‘व्ही२.४.०’ या टॅगवरून ‘रिलीज/२.४’ ब्रँच काढावी, मुख्य ब्रँचवर आधीच झालेली दुरुस्ती चेरी-पिकने (एका ब्रँचवरचा कमिट दुसरीवर उचलून आणणाऱ्या कमांडने) तिथे आणावी, ‘व्ही२.४.१’ टॅग लावावा आणि बिल्ड (कोडमधून तयार केलेले सॉफ्टवेअर) सोडावे. चेरी-पिक करताना ‘-एक्स’ हा पर्याय दिला, तर मूळ कमिटचा हॅश नव्या कमिटच्या संदेशात आपोआप लिहिला जातो. हा पर्याय सगळ्यांनी सक्तीने वापरावा असे माझे मत आहे, कारण चेरी-पिक केलेल्या कमिटचा हॅश बदलतो आणि ही नोंद नसेल, तर कोणती दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत गेली याचा माग काढताना एखादा कमिट कोणकोणत्या टॅगमध्ये आहे हे सांगणारी ‘गिट टॅग --कंटेन्स’ ही एरवी अतिशय उपयोगी कमांडही हात टेकते.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल, तर लिनक्स कर्नलकडे, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, पाहावे. गिट २००५ मध्ये जन्माला आले तेच मुळी त्या प्रकल्पाची गरज म्हणून. कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) आरसी (अंतिम होण्याआधीच्या चाचणी आवृत्त्या) आणि अंतिम आवृत्त्यांचे टॅग पडतात, तर सुटलेल्या आवृत्तीची पुढची देखभाल ‘लिनक्स-६.१.वाय’ अशा नावांच्या ब्रँचवर वेगळ्या स्टेबल रेपोत होते, आणि आधी मुख्य प्रवाहात आलेली दुरुस्तीच तिकडे न्यायची हा तिथला नियम आहे. ब्रँच वाहती, टॅग स्थिर, ही विभागणी त्यांनी इतकी काटेकोर पाळली आहे की गिट कसे वापरावे याचे दुसरे पाठ्यपुस्तक लागू नये.

आता टॅगकडे वळू. गिटमध्ये टॅग दोन प्रकारचे असतात. हलका टॅग म्हणजे कमिटला दिलेले नुसते नाव. तो कोणी लावला, केव्हा लावला, का लावला, यातले काहीही त्यात नसते. अ‍ॅनोटेटेड टॅग हा स्वतंत्र ऑब्जेक्ट असून त्यात लावणाऱ्याचे नाव, तारीख, संदेश आणि हवी असल्यास डिजिटल सहीसुद्धा राहते. रिलीजसाठी दुसराच प्रकार योग्य, याबद्दल दुमत नसावे. तरीही ‘गिट टॅग’ लिहून पुढे फक्त नाव दिले, की तयार होतो तो हलका टॅग. याचे परिणाम पुढे भलतीकडेच दिसतात. ‘गिट डिस्क्राइब’ ही कमांड ‘व्ही२.४.०-१४-जी७३०५१२९’ असे उत्तर देते, म्हणजे २.४.० या टॅगनंतर १४ कमिट झाले आहेत आणि सध्याच्या कमिटचा हॅश ७३०५१२९ने सुरू होतो. बिल्डमध्ये हीच ओळ आवृत्ती म्हणून छापली, की ग्राहकाने पाठवलेल्या एका स्क्रीनशॉटवरून नेमका कोड सापडतो, आणि इतकी उपयोगाची सोय मी दुसऱ्या कोणत्याही साधनात इतक्या स्वस्तात पाहिलेली नाही. पण ही कमांड डीफॉल्टने फक्त अ‍ॅनोटेटेड टॅगच पाहते. कोणी २.५.०चा टॅग चुकून हलका लावला असेल, तर नव्या बिल्डवरही २.४.०चेच नाव झळकत राहते, एररही येत नाही, आणि सपोर्टची माणसे चुकीच्या आवृत्तीत बग शोधत बसतात.

दुसरी अडचण पुशची, म्हणजे आपल्या मशीनवरचे कमिट सर्व्हरवर पाठवण्याची. साधा ‘गिट पुश’ टॅग वर नेतच नाही. ‘--फॉलो-टॅग्ज’ दिले, तर पाठवल्या जाणाऱ्या इतिहासातले अ‍ॅनोटेटेड टॅग सोबत जातात, आणि हेच कायमचे हवे असल्यास ‘पुश.फॉलोटॅग्ज’ हे सेटिंग चालू करून ठेवता येते. ‘--टॅग्ज’ मात्र टाळावे. तो पर्याय मशीनवरचे ‘टेस्ट१’, ‘जुने-चालते’ असले खासगी टॅगही सर्वांच्या माथी मारतो.

खरा आक्षेप मात्र टॅगच्या स्थिरतेबद्दल आहे. टॅग हलत नाही असे आपण गृहीत धरतो. गिट तसे वचन देत नाही. ‘--फोर्स’ दिले, की तोच टॅग दुसऱ्या कमिटवर नेता येतो आणि सर्व्हरवर ढकलताही येतो. ज्यांच्याकडे जुना टॅग आधीच पोचलेला आहे त्यांच्याकडे साध्या फेचने (सर्व्हरवरचे नवे बदल खाली आणण्याने) काहीच बदलत नाही, आणि ‘--टॅग्ज’सह फेच केले तर २०१८ च्या २.२० आवृत्तीपासून गिट तो बदल सरळ नाकारते. हे धोरण बरोबरच आहे, कारण लोकांच्या मशीनवरचे टॅग त्यांच्या नकळत बदलू नयेत. परंतु त्यामुळे एकाच नावाचे दोन अर्थ शांतपणे नांदू लागतात: डेव्हलपरच्या मशीनवर ‘व्ही२.४.०’ म्हणजे एक कोड, आणि दर वेळी नव्याने क्लोन करणाऱ्या (रेपोची पूर्ण प्रत घेणाऱ्या) बिल्ड सर्व्हरवर ‘व्ही२.४.०’ म्हणजे दुसराच. एकदा वाटलेला टॅग चुकला असेल तर तो हलवू नये, चूक जाहीर करून नवा क्रमांक द्यावा, असे गिटचे स्वतःचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात. ते पाळायचे की नाही हे मात्र टीमवर सोडलेले आहे.

हा केवळ शिस्तीचा मुद्दा नाही. मार्च २०२५ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेवरच्या ‘टीजे-अ‍ॅक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या लोकप्रिय, बिल्डमध्ये आयत्या जोडता येणाऱ्या अ‍ॅक्शनचे जुने टॅग हल्लेखोरांनी एका दुष्ट कमिटकडे वळवले. २३,००० हून अधिक रेपो ही अ‍ॅक्शन वापरत होते. हल्ल्याच्या काळात ज्यांचे बिल्ड टॅगच्या भरवशावर चालले त्यांच्याकडे हा कोड आपोआप पोचला आणि बिल्डच्या लॉगमध्ये पासवर्ड व टोकन उमटू लागले. ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण हॅश लिहून ठेवला होता, ते यातून वाचले. त्यामुळे बाहेरचा कोड घेताना हॅशच लिहावा आणि टॅग शेजारी टिपणीत ठेवावा, हे आता ऐच्छिक राहिलेले नाही. आपल्या टॅगना संरक्षण देण्याची सोय गिटहब आणि गिटलॅब दोन्हींकडे आहे. गिटहबने २०२५ मध्येच एकदा प्रसिद्ध केल्यावर बदलता न येणाऱ्या रिलीजचीही सोय आणली. म्हणजे जे मूळ साधनात असायला हवे होते ते भोवतालच्या सेवांनी पुरवले, आणि जिथे नुसता साधा गिट सर्व्हर आहे तिथे त्यासाठी स्वतःच हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम) लिहावे लागतात.

तुलना केली तर सबव्हर्जन, मर्क्युरियल या गिटसारख्या इतर साधनांचीही स्थिती निर्दोष नाही. सबव्हर्जनमध्ये टॅग म्हणजे ‘टॅग्ज’ या डिरेक्टरीत केलेली स्वस्त प्रत, आणि हुक लावलेला नसेल तर त्या प्रतीत कोणीही बिनदिक्कत कमिट करू शकतो. मात्र तो कमिट इतिहासात दिसतो, ही मोठी जमेची बाजू. मर्क्युरियल टॅगची नोंद रेपोतल्याच एका फाइलमध्ये करते, म्हणून टॅग कधी आणि कोणी बदलला हे कायम कळते, पण प्रत्येक टॅगसाठी एक जादा कमिट पडतो. सर्व्हरवरचा टॅग कोणी हलवला याची अशी नोंद गिटच्या इतिहासात कुठेच राहत नाही, आणि रिलीजच्या दृष्टीने मी याचे सर्वांत जास्त गुण कापतो. सहीचा मार्ग त्यावर बऱ्यापैकी उतारा आहे. पूर्वी त्यासाठी जीपीजी या डिजिटल सहीच्या साधनाच्या किल्ल्या सांभाळाव्या लागत. २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून सर्व्हरशी जोडणीसाठी वापरायच्या एसएसएचच्या किल्लीनेही सही करता येते, त्यामुळे छोट्या टीमलाही आता सबब उरलेली नाही.

किती ब्रँच ठेवाव्यात याबद्दल गिट मौन बाळगते. २०१० मध्ये व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी मांडलेली गिट-फ्लो ही ब्रँचची रचना आपल्याकडच्या अनेक टीमनी पोथीसारखी स्वीकारली. पुढे २०२० मध्ये त्यांनी स्वतःच सांगितले, की सतत डिप्लॉय होणाऱ्या (वापरात सोडल्या जाणाऱ्या) वेब प्रकल्पांना याहून सोपी पद्धत बरी. एकाच वेळी अनेक आवृत्त्यांना सपोर्ट द्यावा लागत नसेल, तर रिलीज ब्रँचचा पसारा मांडूच नये. सपोर्ट संपलेली ब्रँच काढून टाकायला घाबरण्याचेही कारण नाही, कारण तिच्या टोकावर टॅग असेल, तर ब्रँच गेली तरी तिचे कमिट त्या टॅगच्या आधाराने शाबूत राहतात.

किरकोळ तक्रारी दोन. टॅग आणि ब्रँच यांना एकच नाव देऊ दिले जाते आणि मग पुश करताना नाव संदिग्ध असल्याची एरर येते; म्हणून ब्रँच ‘रिलीज/२.४’ आणि टॅग ‘व्ही२.४.०’ अशी नावे मुळातच वेगळी ठेवावीत. शिवाय टॅगची यादी डीफॉल्टने अक्षरक्रमाने लागते, त्यामुळे ‘व्ही२.१०.०’ हा ‘व्ही२.९.०’च्या वर दिसतो, ‘टॅग.सॉर्ट’ या सेटिंगमध्ये आवृत्तीचा क्रम निवडला, की यादी सरळ होते.