फेंडर ब्लूज ज्युनियर की मार्शल डीएसएल२०?

आज दादरला भावगीतांची साथ, उद्या ऑर्केस्ट्रा, मध्येच मित्रांचा रॉक बँड. मुंबईतल्या अशा गिटारवाल्याला एकच ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) परवडणार असेल, तर या दोघांचा विचार व्हायलाच हवा.

ब्लूज ज्युनियर १५ वॉटचा, दोन ईएल८४ ट्यूबवर चालणारा. चॅनल, म्हणजे आवाजाची स्वतंत्र मांडणी, एकच. पण त्याचा क्लीन (न फाटलेला, स्वच्छ) आवाज आणि स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून येणारा घुमारा) कानावर पडला की भावगीत, जॅझ, ब्लूज यांना आणखी काही नकोच. हेवी रॉकसाठी मात्र आवाज फाडणारं, पायाने दाबायचं पेडल घ्यावं लागतं, आणि इफेक्ट्स लूप (अँपच्या आतल्या टप्प्यांमध्ये पेडल जोडायची सोय) नसल्यामुळे डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं पेडलसुद्धा अँपच्या तोंडाशीच, गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचं.

डीएसएल२० मध्ये ईएल३४ची जोडी, दोन चॅनल, मागे इफेक्ट्स लूप. गाणं चालू असताना पायाने क्लीनवरून थेट डिस्टॉर्शनवर (फाटलेल्या रॉक आवाजावर) जाता येतं. ऑर्केस्ट्रात हे सोन्यासारखं. पॉवर १० वॉटवर उतरते, पण चाळीत तीही शेजाऱ्यांना पुरून उरते! क्लीन आवाज बरा, फेंडरची झळाळी नाही.

सगळंच वाजवायचं तर मी मार्शल घेईन. अमेरिकेहून कुणी फेंडर आणून देत असेल, तर मागची पाटी वाचा: १२० व्होल्टचा निघाला तर स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि वजन दोन्ही धरा.