कार्बेटर बदला म्हणाले होते, दोष निघाला खालच्या पॅकिंगात – उद्यमबागेतलं गॅरेज

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाकडनं उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, आलं की आत एका बोळात हे गॅरेज हाय, बोर्ड नाही काही नाही, दारात जुन्या जीपा आणि जिप्सी लावलेल्या असतात तीच खूण. आमची ९८ सालची जिप्सी किंग, १३०० सीसी कार्बेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो कार्बेटर). मागच्या सीटा काढून पिकअपसारखी करून घेतलोय, उचगावकडनं एपीएमसीला रताळ्याची पोती न्यायला कित्येक वर्षं हीच गाडी, घरातलं माणूस असल्यागत झाल्या.

ह्या सीझनला तिनं लई त्रास दिला. स्लोला, म्हणजे अॅक्सिलेटर सोडून नुसती चालू ठेवली की, धरतच नव्हती, अॅक्सिलेटर दिला की कार्बेटरमधनं फट्ट करून आवाज, आणि आठ पोती घालून जरा चढ आला की दम नाही, वर टेंपरेचरचा काटा चढायचा. आधी दुसरीकडं दाखवलो, तिथं स्लोचा स्क्रू आवळून दिले, मग प्लग बदलले, मग कॉइल बदलली, शेवटी कार्बेटर गेलाय नवीन टाका म्हणाले. तोवर साडेसहा हजार गेलेले आणि गाडी होती तशीच.

उद्यमबागेतल्या गॅरेजवाल्या मामांनी पहिल्यांदा काय केलं तर चारी प्लग काढून पेपरवर ओळीनं ठेवले. नवीनच प्लग, पण टोकाची चिनीमाती पांढरीफटक, खडूसारखी. "हे भुरं असायला पायजे, हे पांढरं झालंय म्हणजे गाडी लीन चालल्या, हवा जास्त आणि पेट्रोल कमी." १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, हवा त्याच्या बरीच वर गेली की मिसिंग होतं, लोडवर इंजिन तापतं, असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतात, हे सगळं त्यांनी हातातलं काम करत करतच सांगितलं.

मग एअर फिल्टर काढून इंजिन चालू केले आणि कार्बेटरच्या तोंडावर तळहात अर्धा धरले. मी डोळ्यांनी बघितलो, अडखळणारं इंजिन हात ठेवल्याबरोबर शांत चालायला लागलं, हात काढला की परत तेच. म्हणजे हवा कमी केली की सुधारतंय. पेट्रोलच कमी येतंय काय म्हणून पंपाचा पाइप बाटलीत सोडून बघितले, धार चांगली होती. तेव्हा मामा म्हणाले, "कुठंतरी एअर घेतल्या."

ती जागा शोधायला कार्बेटर क्लीनरचा स्प्रे, बारीक नळी लावून, एकेका जॉइंटवर थोडा थोडा, फट असली की स्प्रे आत ओढला जातो आणि इंजिनचा आवाज बदलतो. शेजारी आग विझवायचा सिलेंडर ठेवूनच. मॅनिफोल्डला (कार्बेटरकडनं इंजिनात जाणारी नळी) मारले, काही नाही, आणि कार्बेटरच्या बुडाला उजव्या कोपऱ्यात मारल्याबरोबर इंजिनचा आवाजच बदलला. खोलल्यावर बघितलो तर कार्बेटरखालच्या काळ्या जाड इन्सुलेटरला केसाएवढी चीर आणि पॅकिंगचा तो कोपरा जागेवरच नाही. कार्बेटरचं बूड पण वाकलेलं, स्टीलपट्टी ठेवली की मधनं उजेड दिसत होता, नट वाकडेतिकडे आवळले की असं होतं म्हणाले. पलीकडच्याच शेडमधनं ते घासून सपाट करून आणले, उद्यमबागेत असल्याचा हा फायदा. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप पक्कडीनं दाबून धरला तर स्लो अजून जरा सुधारली, टोकाला रबर तडकलेलं, तोही बदलला.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो म्हणून त्याला हवा कमी पुरते, १४.७ चा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, कार्बेटरला ते कळत नाही, म्हणून जुन्या गाड्या मूळच्याच थोड्या लीन झाल्यात. लिकेज काढल्यावर मामांनी मेन जेट (कार्बेटरमध्ये पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा टाकला, मिक्स्चर परत सेट केलं आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप सगळे नवीन घातले.

सगळं मिळून २,३५० रुपये, त्यात ग्राइंडिंग आलं. जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले, कार्बेटर जुनाच, तोच मस्त चाललाय. पाचशे किलोमीटर झाल्यावर प्लग दाखवायला ये म्हटले होते म्हणून गेलो, रंग फिकट भुरा आलेला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

वेळ मात्र लागतो, माझी गाडी तीन दिवस होती आणि भर सीझनला भाड्याच्या टेम्पोनं माल न्यावा लागला. माणूस एकटा, फोन उचलत नाहीत, दुपारी जेवायला गेले की तीनपर्यंत बंद. जायचं असेल तर आदल्या रात्रीच गाडी लावून या, स्प्रेची तपासणी ते सकाळी इंजिन गार असतानाच करतात, सायलेन्सर तापला की उद्या बघूया म्हणतात.