रोलेटर, आठ महिने आणि एक लंडनवारी

रोलेटर म्हणजे चार चाकांचा वॉकर. सायकलसारखे ब्रेक आणि मध्ये बसायला सीट. साडेनऊ हजारांना घेतला, त्याला आठ महिने झाले. त्यातले अकरा दिवस लंडनमध्ये गेले.

माझं वय ६९. उजवा गुडघा बदललाय, डाव्याचं धाडस होत नाही. शिवाय कमरेत नस दबते. दोनशे पावलं चालले की पाय शिशासारखे जड होतात. थोडं बसलं, पुढे वाकलं की परत मोकळे. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना लगेच कळेल: मॉलमधली ट्रॉली ढकलताना आपण का कोण जाणे जास्त चालतो. कारण त्यावर आपण पुढे झुकतो आणि नसेवरचा ताण कमी होतो. रोलेटर तेच करतो. साधा चौपायी वॉकर दर पावलाला उचलावा लागतो, काठीने मनगट दुखतं, आणि व्हीलचेअर घेतली की चालणं बंदच होईल ही भीती.

पहिले दोन आठवडे मला तो अजिबात आवडला नव्हता. खांदे भरून यायचे. दोष माझा होता, मुठी दोन भोकं वर लावल्या होत्या. बाहेर घालायचे बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या रेषेत मूठ आणायची. हे दुकानदार सांगत नाही.

माझ्या रोलेटरची चाकं आठ इंची आहेत. आमच्या नागपुरातल्या कॉलनीतले पेव्हर ब्लॉक उखडलेत, तिथे पुढची चाकं अडकतात. सहा इंची तर घरातच ठेवावा लागला असता. वजन सात किलो, म्हणजे मुलगी एका हाताने उचलते, मी नाही.

आता लंडन. मला राजवाडे बघायचे नव्हते. मला १० किंग हेन्रीज रोड बघायचं होतं, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि त्याच नोव्हेंबरात तिथे स्मारक सुरू झालं. तेव्हा मी नुकती निवृत्त झाले होते, पाय धड होते. पुढच्या वर्षी जाऊ, म्हटलं. मग यांचं आजारपण, मग कोरोना, मग गुडघा.

विमानतळावर मात्र मी मुकाट व्हीलचेअर घेतली, तिकीट काढतानाच सांगून ठेवलं होतं. तिथे हट्ट करू नका, अंतरं फार असतात. रोलेटर विमानाच्या दारापर्यंत नेऊ दिला, त्याचे पैसे लागले नाहीत. उतरल्यावर तो दारातच मिळेल असं कबूल केलं होतं. मिळाला सामानाच्या पट्ट्यावर, डाव्या ब्रेकची वायर तुटलेली. विमान कंपनीचं नाव घेत नाही, तक्रार अजून चालू आहे. दोन दिवस एका ब्रेकवर काढले. मग राहत होतो तिथल्या सायकल दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत नवी वायर घातली. ब्रेक सायकलचाच असतो हे तेव्हा ध्यानात आलं. जाताना एक जास्तीची वायर सोबत ठेवा.

हीथ्रो विमानतळाहून एलिझाबेथ लाइन या रेल्वेने गेलो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या लाइनच्या प्रत्येक स्टेशनवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी लागत नाही. जुन्या ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, तसं नाही, कित्येक स्टेशनांवर नुसते जिने आणि सरकते जिने. म्हणून आम्ही बसवर भर दिला. मधल्या दाराबाहेर निळं बटण असतं. ते दाबलं की ड्रायव्हर चाकं चढवायचा उतार (रॅम्प) बाहेर काढतो. मुलगी पुढच्या दाराने चढून दोघींची कार्डं टेकवायची, मी मधून वर. व्हीलचेअरवाल्यांना बस फुकट आहे, रोलेटरवाल्यांना नाही. बसमधल्या व्हीलचेअरच्या जागेत उभं राहिलात आणि कुणी व्हीलचेअरवरून आलं, तर सरकायचं. काळ्या टॅक्सीतही उतार असतो, पण मीटर बघून छातीत धस्स होतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये खरी मजा आली. तिकीट नाही, फरशी गुळगुळीत, चाकं आपोआप पळतात. मधोमध ते १८५७ चं गोल वाचनालय. बाबासाहेब तिथे तासन् तास वाचत बसायचे. मग अमरावतीच्या (आंध्रातल्या, आपल्या विदर्भातल्या नाही) स्तूपाची शिल्पं. एका शिळेसमोर रिकाम्या सिंहासनाला नमस्कार करणारी माणसं आहेत, बुद्ध नाहीत; ते सिंहासन हीच त्यांची खूण. मी दोन्ही ब्रेक खाली दाबून लॉक केले आणि सीटवर बसले ती उठेचना. बाक शोधायची गरज नाही, कुणाची वाट अडवायची नाही. चाकांसाठी कुणीही घेईल, मी म्हणते सीटसाठी घ्या.

पण सीटवर बसलेलं असताना कुणाला ढकलू देऊ नका. गर्दीत मुलीने एकदा ढकललं, पाय जमिनीत अडकला आणि मी पुढे जाता जाता वाचले. ही व्हीलचेअर नाही.

बाबासाहेबांच्या त्या घरी शेवटून दुसऱ्या दिवशी गेलो. ३१ नंबरच्या बसने ॲडलेड रोड, तिथून मागच्या रस्त्याला. वाटेत मी तीनदा बसले. घर चार मजली, आणि जिना आला की रोलेटर म्हणजे नुसतं सामान. वरचे मजले मुलीने बघितले, मला मोबाइलवर दाखवले. "आई, परत येऊ गं," म्हणाली. मी काही बोलले नाही.

बाहेर आल्यावर समोरच्या फुटपाथवर ब्रेक लावले आणि बसले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. नाव, १८९१-१९५६, सामाजिक न्यायासाठी लढणारे भारतीय, इथे १९२१-२२ मध्ये राहिले. चष्मा पुसून दोनदा वाचली. पाऊण तास बसले असेन. घाई करायला पाय दुखत नव्हते. थंडी मात्र सीटमधून वर येते, खाली शाल घाला.

परतल्यावर उजवी वायरही सैल झाली. रोलेटरची कंपनी म्हणाली, दिल्लीला पाठवा. आमच्या चौकातल्या सायकलवाल्याने साठ रुपयांत काम केलं. सीटचं कापड एका कोपऱ्याला उसवायला लागलंय, त्याला घरीच दोन टाके घातले.

आता संध्याकाळी समोरच्या काकू तासभर घेऊन जातात. मुठी त्यांच्या मापाच्या करतात आणि तशाच परत आणून ठेवतात.