आमसूल संपलं, साइट म्हणते ‘उपलब्ध’: लिक्विड वापरून पाहिल्यावर

दिवसा मी कुडाळला एका ऑफिसात हिशेब लिहिते. मालवणच्या मावशीचा घरगुती धंदा आहे: आमसूल, कोकम आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ, हंगामात हापूस. तिला वेबसाइट करून द्यायचं मी कबूल करून बसले आणि फुकटात होतं म्हणून जेकिल (साध्या फाइलींपासून वेबसाइटची पानं तयार करणारं साधन) घेतलं. जेकिलच्या पानात दर, माल वगैरे भरायचा तो लिक्विड या टेम्प्लेट भाषेत, म्हणजे पानाच्या साच्यात माहिती भरायच्या भाषेत. ही टोबियास ल्युटके यांनी शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या सेवेसाठी रुबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली, २००६ पासून वापरात आहे. शिकायला सोपी, यात वाद नाही. पहिलं पान मी एका रविवारी उभं केलं. माझं घोडं अडलं ते डेटा टाइपपाशी, म्हणजे माहिती आकडा की मजकूर या प्रकारापाशी.

एक्सेलमध्ये आकडा आपोआप उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो. कुणी आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकून त्याचा मजकूर केला असेल तर नुसत्या नजरेनं कळतं. लिक्विडमध्ये प्रकार मोजकेच: स्ट्रिंग (मजकूर), नंबर (आकडा), बूलियन (ट्रू किंवा फॉल्स, म्हणजे खरं-खोटं), निल (काहीच नाही), ॲरे (यादी). पण हातात आलेली किंमत यातली नेमकी कोण, हे ती तोंडावर दाखवत नाही. मावशीची यादी मी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) करून जेकिलला दिली होती. सीएसव्हीतून आलेलं सगळं स्ट्रिंग असतं, ४५० सुद्धा. हे मला ठाऊक नव्हतं. ‘किंमत ५०० पेक्षा जास्त असेल तर पार्सलखर्च माफ’ अशी अट घातली आणि बिल्ड, म्हणजे साइट तयार करण्याचं काम, तिथंच थांबला: स्ट्रिंगची ५०० शी तुलना होत नाही म्हणे.

गंमत पुढे आहे. त्याच स्ट्रिंगला गुणाकार-भागाकाराचे फिल्टर (लिक्विडमधल्या छोट्या आज्ञा) लावले तर ती निमूट आकडा होते! म्हणजे हिशेबाला चालते, तुलनेला नाही. म्हणून आधी ‘प्लस: ०’ करून घ्यायचं, मग तुलना करायची. शून्य मिळवल्यानं प्रकार बदलतो, हे आमच्या ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर मला रजेवर पाठवलं असतं.

पण तुलनेच्या वेळी ती निदान ओरडली तरी. न ओरडता फसवते तेव्हा जास्त लागतं. ‘शिल्लक असेल तर उपलब्ध लिही’ एवढी साधी अट मी घातली होती. आठवड्यानं मावशीचा फोन: “अगो, आमसूला कधीच संपली, तरी लोक माका फोन करतत!” शिल्लक रकान्यात शून्यच होतं. पण लिक्विडला खोटं म्हणजे फक्त निल आणि फॉल्स. शून्य खरं, रिकामी स्ट्रिंगही खरी. दोष माझाच, कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं.

यादीचंही तसंच. लिक्विडमध्ये ॲरे सरळ लिहिता येत नाही, स्वल्पविराम घातलेली स्ट्रिंग ‘स्प्लिट’नं फोडावी लागते. पाकिटांची वजनं मी तशी फोडली आणि ‘सॉर्ट’ लावलं, तर क्रम आला १००, १०००, २५०, ५००. फोडलेले तुकडे स्ट्रिंगच राहतात ना, म्हणून शब्दकोशासारखे लागले.

भागाकार मात्र मला आवडला, कारण तो निदान एका नियमाला धरून आहे. ८५० रुपये डझन हापूस, एक आंबा कितीला? १२ नं भागलं तर ७०. खालचे पैसे गायब. १२.० नं भागलं तर ७०.८३ आणि पुढे लांबलचक शेपूट, ती ‘राउंड: २’नं छाटायची. पूर्णांकाला पूर्णांकानं भागा, पूर्णांक घ्या.

निलबद्दल एवढंच सांगते, टेम्प्लेटमध्ये रकान्याच्या नावात एक अक्षर चुकलं तर काहीच छापलं जात नाही, रकाना गपचूप रिकामा. जेकिलच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलीत) ‘स्ट्रिक्ट व्हेरिएबल्स’ चालू करा, म्हणजे बिल्ड तिथंच बोंब मारतो. हे पहिल्याच दिवशी करा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण तिच्या साधेपणाचा: दुसऱ्या कुणाला टेम्प्लेट बदलायला दिलं तरी त्यातून सर्व्हरवर भलतासलता प्रोग्राम चालत नाही, तिची घडणच तशी आहे. छोट्या दुकानाला मी हीच सुचवीन, फक्त सीएसव्हीतल्या प्रत्येक आकड्याला आधी ‘प्लस: ०’.

तेही परवा कमी पडलं. शिल्लक आता शून्यापेक्षा जास्त असेल तरच ‘उपलब्ध’, असं मी नीट बसवलं होतं, आणि तरी आगळाच्या बारा बाटल्या असताना साइट ‘संपलं’ म्हणत होती. तासभर शोधलं. मावशीनं फोनवर मराठी कीबोर्डनं ‘१२’ लिहिलं होतं. देवनागरी अंक रुबीला अंकच वाटत नाहीत, त्यामुळे ‘१२’ अधिक शून्य बरोबर शून्य. मावशीला इंग्रजी आकडे टाक म्हटलं, तर ती म्हणाली, “माझे आकडे बरोबर असत, तुझ्या मशिनीक शिकव.”