आरएम सोडलं, ट्रॅश-सीएलआय धरलं: दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

लिनक्सच्या टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, फाइल कायमची उडवायला आरएम ही कमांड आहेच की, त्याच कामाला अजून एक टूल कशाला, असं मीपण म्हणायचो. मग २०२३ च्या गणपतीनंतर एका रविवारी मी आमच्या मंडळाचा अख्खा फोल्डर उडवला आणि तेव्हापासून ट्रॅश-सीएलआय वापरतोय, जे फाइल उडवत नाही, कचरापेटीत टाकतं. दोन वर्षं झाली, म्हटलं आता लिहूनच टाकू.

झालं असं की होममध्ये, म्हणजे लिनक्समधल्या माझ्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमध्ये, दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'गणपती', त्यात २०१२ पासूनचे फोटो, वर्गणीच्या पावत्यांचे स्कॅन, जमाखर्च, सगळंच. दुसऱ्याचं नाव 'गणपती जुने', त्यात बॅनरची रद्द झालेली डिझाइनं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला कचरा. मला हा दुसरा काढायचा होता. एरवी मी टॅब दाबून नाव पूर्ण करून घेतो पण त्या दिवशी मराठी कीबोर्ड चालूच होता म्हणून हातानेच लिहिलं, आरएम डॅश आर गणपती जुने (डॅश आर म्हणजे फोल्डर आतल्या सगळ्यासकट काढ), आणि एंटर. मधल्या स्पेसला कोट लावले नाहीत. शेलने, म्हणजे टर्मिनलवरची कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामने, त्या एका नावाची दोन नावं केली, आरएमने 'गणपती' निमूट साफ केलं आणि मग दुसऱ्याबद्दल तक्रार केली की 'जुने' अशी काही फाइलच नाही. ती एक ओळ वाचली आणि पोटात गोळा आला. म्हणजे काम झालं नाही म्हणून जो तक्रार करतोय त्याने नको ते काम आधीच उरकलं होतं.

पुढचा आठवडा सांगत नाही. फोटोरेक हे उडालेल्या फाइली परत आणायचं टूल लावलं, बरेच फोटो परत आले पण नावं आणि फोल्डर सगळे गेले, कारण ते टूल फाइलच्या आतल्या खुणा ओळखून डेटा उचलतं, नावाशी त्याचा संबंध नसतो. विसर्जनाचा फोटो २०१४ चा की २०१९ चा हे मग मांडवाच्या कापडावरून ओळखत बसलो. शेवटी खजिनदार काकांच्या पेनड्राइव्हवर २०२१ पर्यंतचं निघालं. काकांनी तो पेनड्राइव्ह देताना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी एकटाच येडा नाही हा त्यातल्या त्यात दिलासा. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्सच्या एका प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉलच्या स्क्रिप्टमध्ये यूएसआरच्या नंतर एक स्पेस चुकून पडली आणि लोकांच्या मशीनवरचा अख्खा यूएसआर फोल्डर, ज्यात सिस्टिमचे बहुतेक प्रोग्राम असतात, उडाला, म्हणजे माझ्यासारखीच चूक, फक्त जगभर. २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या अ‍ॅपच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव ठेवलेलं व्हेरिएबल रिकामं निघालं की 'या फोल्डरमधलं सगळं काढ'चं 'रूटमधलं, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमधलं, सगळं काढ' व्हायचं. आणि ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटच्या इंजिनिअरने डेटाबेसचा फोल्डर काढला, पण चुकीच्या सर्व्हरवर, ३०० जीबीतले साडेचार उरले तेव्हा हात थांबला. तिथेपण नेहमीचे बॅकअप कामाला आले नाहीत, कोणीतरी सहा तास आधी हाताने घेऊन ठेवलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, होता म्हणून वाचले. प्रत्येकाचे खजिनदार काका असतात बहुतेक.

आरएमला मी नावं ठेवत नाही. १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहे, आणि आतून करतो काय तर फोल्डरच्या यादीतून फाइलचं नाव खोडतो, बस. त्या फाइलला दुसरं नाव नसेल आणि कुठला प्रोग्राम ती उघडून बसलेला नसेल तरच जागा मोकळी होते. म्हणूनच सर्व्हरवर ५० जीबीची लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या नोंदी लिहितो ती) उडवली तरी डिस्क भरलेलीच दिसते, कारण लिहिणारा प्रोग्राम ती धरून बसलाय, तो रीस्टार्ट करा मग जागा सुटते. ही गोष्ट मला नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात रात्री दोन वाजता कळली. मोठ्या आयचा ऑप्शनपण आहे आरएममध्ये, तीनपेक्षा जास्त फाइली असतील किंवा फोल्डर आतल्या सगळ्यासकट काढायचा असेल तर एकदाच विचारतो, लहान आयसारखा प्रत्येक फाइलला डोकं खात नाही. तो लावला असता तर त्या दिवशी कदाचित वाचलो असतो. कदाचित अशासाठी म्हणतोय की मी वाय दाबलंच असतं, मला माझा स्वभाव माहितीये.

तर त्या प्रकरणानंतर आधी मी स्वतःच टूल लिहायला घेतलं, 'कचरा' नावाची स्क्रिप्ट, वीसेक ओळींची. आयडिया सरळ, काढायची फाइल उचलून होममधल्या एका फोल्डरमध्ये टाकायची. पहिल्याच दिवशी 'फायनल.जेपीजी' नावाच्या दोन फाइली दोन वेगळ्या फोल्डरमधून टाकल्या आणि दुसरीने पहिलीला खाल्लं. म्हणजे माझ्या कचरापेटीतपण फाइल उडत होती, वा. मग नावापुढे तारीख-वेळ जोडली. मग लक्षात आलं की फाइल परत आणायची तर ती कुठे होती हे कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे, ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायला लागलो, तर एका फाइलच्या नावातच एंटर होतं आणि माझी यादी विस्कटली. हो, लिनक्समध्ये नावात नवी ओळ चालते, स्लॅश आणि शून्य बाइट सोडून सगळं चालतं. मग एक्स्टर्नल डिस्कवरचा ४० जीबीचा फोल्डर 'कचरा' केला तर तो होममध्ये कॉपी व्हायला लागला, कारण एकाच डिस्कवर हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं, दुसऱ्या डिस्कवर हलवणं म्हणजे सगळा डेटा इकडून तिकडे वाहून नेणं. चहा झाला, जेवण झालं, तरी चालूच. तिथे मी हात टेकले. फाइल फेकणं सोपं आहे ओ, ती कुठून आली हे लक्षात ठेवून फेकणं हे खरं काम आहे.

ट्रॅश-सीएलआयने हे सगळं आधीच सोडवलंय. पायथनमध्ये लिहिलेलं, फुकट, सोर्स उघडा, डेबियन-उबंटू या लिनक्सवर एपीटी या इन्स्टॉलच्या कमांडने एका ओळीत येतं. पाच कमांड आहेत. ट्रॅश-पुट म्हणजे टाका, ट्रॅश-लिस्ट म्हणजे काय काय पडलंय ते दाखवा, ट्रॅश-रिस्टोअर म्हणजे परत आणा, ट्रॅश-एम्प्टी म्हणजे पेटी रिकामी करा, आणि ट्रॅश-आरएम म्हणजे पेटीतल्या ठरावीक नावाच्या फाइलीच कायमच्या काढा. आणि ही पेटी तीच जी डेस्कटॉपवर आयकॉन म्हणून दिसते, वेगळी काही नाही. फ्रीडेस्कटॉप या गटाचा एक ठरलेला स्पेक, म्हणजे नियमांचा मसुदा, आहे, नोम, केडीई हे लिनक्सचे डेस्कटॉप सगळे तोच पाळतात, त्यामुळे टर्मिनलवरून फेकलेली फाइल आई माउसने परत आणू शकते. आणलीये तिने, म्हणून सांगतोय.

आत काय चालतं ते एकदा उघडून बघाच. ट्रॅशच्या फोल्डरमध्ये 'फाइल्स' आणि 'इन्फो' असे दोन फोल्डर असतात, पहिल्यात खरी फाइल आणि दुसऱ्यात त्याच नावाची एक छोटी टेक्स्ट फाइल, तिच्यात जुना पत्ता आणि कधी टाकली ती तारीख-वेळ. आधी ही इन्फो फाइल तयार करायची, आणि ती पण 'आधीपासून असेल तर करू नको' असं सिस्टिमला बजावून, म्हणजे दोन टर्मिनलवरून एकाच क्षणी एकाच नावाची फाइल टाकली तरी टक्कर होत नाही, दुसरीला मागे आकडा लावून वेगळं नाव मिळतं. माझ्या 'कचरा'ला हे सात जन्मात सुचलं नसतं. नावातल्या एंटरचापण प्रश्न नाही, कारण जुना पत्ता वेबच्या पत्त्यासारखा टक्क्याच्या खुणा घालून लिहितात. त्याची गंमत अशी की मराठी नाव असेल तर ती ओळ बघण्यासारखी होते. 'लग्न' लिहायला ल, ग, हलन्त, न अशी चार अक्षरचिन्हं लागतात, प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्का धरून तीन अक्षरं, म्हणजे 'लग्न' एवढ्याशा शब्दाचे ३६ होतात. इन्फो फाइल उघडून वाचू म्हणाल तर डोळे फिरतात. ट्रॅश-लिस्टमध्ये मात्र नाव व्यवस्थित मराठीत दिसतं.

रिस्टोअर मला सगळ्यात जास्त आवडतं. ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून आणि त्याच्या आतून टाकलेल्या फाइलीच फक्त आकडे लावून दाखवतं, तुम्ही आकडा टाकायचा की फाइल जागेवर. त्यामुळे दोन हजार फाइलींच्या ढिगात शोधत बसायला लागत नाही. फक्त होममध्ये उभं राहून चालवू नका, तिथून अख्खं पुराण येतं.

आता तक्रारी. एक, हे हळू आहे. एकेका फाइलसाठी लूपमध्ये चालवलं तर दर वेळी पायथन नव्याने उठतो, हजार फाइलींना वैताग येतो, सगळी नावं एकदम द्या. तेपण किती द्यायची याला मर्यादा आहे, लाखभर फाइलींच्या फोल्डरमध्ये स्टार (म्हणजे सगळ्या फाइली) लावलात तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येणार, आरएमलाही तेच येतं, बिचाऱ्याची चूक नाही, सिस्टिमची मर्यादा आहे. अशा वेळी लोक फाइंड या फाइली शोधायच्या कमांडचा डिलीट वापरतात, तिथे एक सांगतो, डिलीट हा शब्द सगळ्यात शेवटी लिहा, नावाच्या अटीच्या आधी लिहिला तर अट बघायच्या आधीच सगळं साफ होतं. याला रिस्टोअर नाही.

दुसरी तक्रार जागेची. डिस्क भरली म्हणून फाइली टाकल्या आणि डिस्क तेवढीच भरलेली, कारण ते सगळं पेटीत बसलंय. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलाने एका टेस्ट सर्व्हरवर हेच केलं, दोन तास जागा का सुटत नाही म्हणून डोकं खाजवत बसला. ट्रॅश-एम्प्टीला पुढे ३० लिहिलं की तीस दिवसांपेक्षा जुनंच काढतो, ते क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम) दर रविवारी लावून ठेवा आणि विसरा. सर्व्हरवर सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, टाकलंत तर फाइल रूट या अ‍ॅडमिन युजरच्या पेटीत जाते, तुमच्या लिस्टमध्ये दिसत नाही म्हणून घाबरू नका. खरं सांगायचं तर सर्व्हरवर मी हे लावतच नाही, तिथे बॅकअप हवा, कचरापेटी नाही.

तिसरी जरा लाजिरवाणी आहे. दुसऱ्या डिस्कवरची फाइल त्याच डिस्कवरच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, नाव डॉट ट्रॅश डॅश १०००, तो आकडा म्हणजे तुमचा युजर नंबर. स्पेकप्रमाणे बरोबरच आहे, त्यामुळेच ४० जीबी चुटकीसरशी जातात. पण पेनड्राइव्हचं काय? मी पेनड्राइव्हवरून पगाराच्या स्लिपा 'काढून' झेरॉक्सवाल्याकडे पावती पुस्तकाची पीडीएफ छापायला गेलो, त्याच्या विंडोजवर डॉटने सुरू होणारे फोल्डर लपत नाहीत, त्याने तोच उघडला आणि म्हणाला, "दादा, यातली कुठली छापू?" मागे चार जण उभे होते. तेव्हापासून पेनड्राइव्ह बाहेर द्यायच्या आधी ट्रॅश-एम्प्टी, किंवा सरळ आरएम.

अजून एक, आणि हे टूलच्या रीडमीमध्येच, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहिलंय. आरएम लिहिलं की ट्रॅश-पुट चालेल असं उपनाव (अलियस) करून ठेवू नका. मोह होतो, कारण ट्रॅश-पुट आरएमचे डॅश आर, डॅश एफ वगैरे निमूट गिळतो, काही बोलत नाही. पण मग हाताला सवय लागते की आरएम म्हणजे सुरक्षित, आणि एक दिवस दुसऱ्याच्या मशीनवर तुम्ही बिनधास्त आरएम मारता. त्यापेक्षा आरएम लिहिलं की नुसता मेसेज येईल आणि काही होणार नाही असं करा असा त्यांचा सल्ला. खरंच आरएम हवं असेल तर पुढे उलटा स्लॅश लावला की मूळ कमांड चालते. मी मेसेज मराठीत ठेवलाय, 'काकांना फोन करू का?'

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या झेरॉक्सच्या दुकानासाठी कापला. ज्यांचं घरचं मशीन लिनक्स आहे, फाइलींची नावं मराठीत आहेत, त्यात स्पेस आहेत आणि घरातले इतर लोकही तेच मशीन वापरतात त्यांनी आजच इन्स्टॉल करा. तो काकांचा मेसेज आधी रोज दिसायचा, हल्ली आठवड्यातून एखाद-दोनदा. काल मात्र तीनदा आला, जेवणाआधी घाईत होतो.