नांगरवाला एम१ए१, १/३५ किट: बॉक्सवर लढाई, माझ्या टेबलावर धुलाई

दीड महिना घातला या टँकच्या मॉडेलच्या किटवर (१/३५ म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं), आता लिहायला हरकत नाही. अमेरिकन एम१ए१ टँक, १९९१ च्या आखाती युद्धातला, पुढे माइन प्लाऊ म्हणजे वाळूतले सुरुंग उकरून बाजूला सारणारा नांगर. साडेतीन हजारांना पडला. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे कुरकुर आहे.

आधी चांगलं सांगतो. पार्ट्स एकमेकांत मस्त बसतात, पुट्टी जवळजवळ लागलीच नाही, नांगराचे दात एकेक सुटे दिलेत आणि कडा धारदार आहेत. आता कुरकुर. हा नांगर फक्त दोन्ही ट्रॅकच्या, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या साखळपट्ट्यांच्या, पुढची जमीन साफ करतो, मधली तशीच राहते, म्हणून मधे एक जाड साखळी लोंबत असते, उभ्या दांडीचे सुरुंग असतात ना ते हिच्या धक्क्याने उडावेत म्हणून. किटमधे ही साखळी एका तुकड्यात ओतलीय, लोंबायच्या ऐवजी काठीसारखी ताठ उभी! शेवटी बायकोच्या तुटलेल्या पैंजणाची साखळी लावली, विचारून लावली, तर झकास लोंबते. ट्रॅक व्हिनाइलचे आहेत, गोंद धरत नाहीत, सरळ दुसरे विकत घ्या. डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या खुणा, पिवळट निघाले, आपल्या बाजूचा टँक ओळखायची उलट्या व्ही ची खूण सुद्धा, ती दोन दिवस खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून ठेवली तेव्हा कुठे पांढरी झाली.

रंगाने मात्र डोकं खाल्लं. सूचनापत्रकात नुसतं 'वाळूचा रंग' लिहून मोकळे. अहो, यातले बरेच टँक जर्मनीतून हिरवे आले आणि सौदीच्या बंदरांवर घाईघाईत वाळूच्या रंगाचे केले, मग कोपऱ्यात खरवडलं की खालून हिरवा दिसायला हवा ना. त्या खऱ्या रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असायचं, नीट मास्क नसेल तर छातीला त्रास. मी गॅलरीत थिनर उघडला की घरात आरडाओरडा होतो, आणि तिथे पोरं दिवसभर टँकमागून टँक रंगवत होती.

बॉक्सवरचं चित्र नेहमीचंच, धूळ, तोफेतून जाळ, घोडदौड. पण जमिनीवरची लढाई चालली १०० तास, २८ फेब्रुवारीला सकाळी ८ ला थांबली, आणि त्यानंतर कित्येक तुकड्या मे पर्यंत दक्षिण इराकच्या वाळूत बसून होत्या. मला तो टँक करायचा होता, बसलेला.

आणि बसणं सोपं नव्हतं. कुवेतमधे ६०० च्या वर तेलविहिरी पेटलेल्या, भर दुपारी दिवे लावावे लागत, शेवटची विझली ६ नोव्हेंबरला. वाळूत न फुटलेले छोटे बॉम्ब पसरलेले, त्यातले बरेच अमेरिकन बाजूच्याच विमानांनी आणि तोफांनी टाकलेले. युद्धबंदीच्या दोनच दिवस आधी इराकमधल्या अस सलमानच्या धावपट्टीवर तेच गोळा करताना २७ व्या इंजिनियर बटालियनचे सात जण गेले. मार्चमधे इराकमधल्या खमिसियाला ३७ व्या इंजिनियर बटालियनने इराकी दारूगोळा उडवला, त्यातल्या रॉकेटमधे सारिन हे विषारी रसायन होतं हे पेंटॅगॉनने कबूल केलं थेट १९९६ मधे. आणि १९९१ च्याच ११ जुलैला, कुवेतची राखण करायला नव्याने आलेल्या तुकडीच्या दोहा कॅम्पमधे (कतारचं दोहा नव्हे हो, कुवेतमधलं), एका दारूगोळ्याच्या गाडीचा हीटर पेटला आणि तास न् तास स्फोट चालले, ५० च्या वर जखमी, माझ्या टेबलावर आहे तसले टँकही त्यात गेले, त्यांच्यातल्या युरेनियमच्या गोळ्यांसकट. शत्रू कुठेच नाही. बॉक्सवर हे कोण काढणार?

म्हणून मी वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणून करायचं रंगकाम, उलटं केलं. पुढून धुळकट पिवळा, वरच्या सपाट भागावर काळसर तेलकट थर, त्यासाठी काळा ऑइल पेंट अगदी पातळ करून ठिपके मारले आणि कोरड्या ब्रशने खाली ओढले. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, केशरी कापड, आपल्याच विमानांनी उडवू नये म्हणून बांधायचे ते. डाव्या बाजूचा अर्धा मात्र स्वच्छ! कारण घरी न्यायच्या आधी प्रत्येक गाडी बंदरावर प्रेशरच्या पाण्याने धुवायची, शेतीखात्याचे इन्स्पेक्टर तपासायचे, ट्रॅकच्या खाचेत परदेशी माती किंवा एखादं बी सापडलं की परत रांगेत. महिनोन् महिने वाळू खाल्लेल्या टँकमधून वाळू काढायची, विचार करा, नांगराच्या सांध्यांत तर किती अडकत असेल.

किट घ्या, पाचात साडेतीन, ट्रॅकचे पैसे वेगळे धरून. नवशिक्यांनी नांगर शेवटी चिकटवा, आधी लावलात तर रंगवताना दात मोडतात, माझे दोन मोडले. हातात होज धरलेला सैनिक कुठल्याच सेटमधे मिळेना, तेव्हा ड्रायव्हरच्या बाहुलीचे हात कापून वळवले आणि होज केला बंद पडलेल्या इयरफोनच्या वायरचा. जरा जाड वाटतोय, पण लांबून चालतो.