चिप कंपनीतलं सॉफ्टवेअर: कुडा की आरओसीएम?

चिप बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरवाल्यांचं काय काम, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, तर एनव्हिडिया आणि एएमडीकडे बघा. एनव्हिडियाने कुडा, म्हणजे जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) आपला प्रोग्राम चालवायचं सॉफ्टवेअर, २००७ मध्येच बाहेर काढलं आणि ते गेमिंगच्या साध्या कार्डांवरही चालायचं, त्यामुळे कॉलेजातली पोरं, रिसर्चवाले सगळे त्यावरच शिकले, मग कंपायलर, डीबगर, लायब्ररी असं सगळं वाढत गेलं आणि आता कोड लिहिणारा चिप नंतर बघतो, आधी कुडा चालतं का ते विचारतो. पण सोर्स बराचसा बंद, आणि अधिकृतपणे चालतं फक्त त्यांच्याच चिपवर.

एएमडीचं आरओसीएम, म्हणजे त्यांच्या चिपसाठी कुडासारखंच सॉफ्टवेअर, आलं २०१६ मध्ये. बहुतेक सगळं ओपन सोर्स, आणि हे मला मनापासून आवडतं, अडलं तर आत शिरून बघता येतं. हिप (त्यातली कुडासारखी प्रोग्रामिंगची पद्धत) वापरून कुडाचा बराचसा कोड एएमडीवर चालेल असा आपोआप बदलताही येतो. अडचण मोठी आहे ती म्हणजे सगळ्या कार्डांना अधिकृत सपोर्ट नाही, हार्डवेअर दमदार असूनही माणूस इन्स्टॉल करतानाच अडकतो.

नुसतं जीपीयू प्रोग्रामिंग शिकायचं असेल तर कुडाच घ्या, पण कंपायलर किंवा ड्रायव्हरमध्ये करिअर करायचं असेल तर आरओसीएमचा कोड वाचायला लागा, एवढं उघडं मटेरियल कुडात मिळणार नाही.